हौदाचं बूच आणि माझे सासरे

माझे सासरे पाइपफिटर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण अजून कुणाच्याही घरी गेले की आधी नळाकडे बघतात, मग माणसांकडे. माझं लग्न ठरत होतं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्या माहेरी आले आणि मला एक अक्षर न विचारता माझ्या वडिलांना म्हणाले, "तुमचा स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोय. पाना आहे का घरात?" पाना मिळाला, नळ बंद झाला, आणि माझे वडील त्या दिवसापासून जे त्यांच्या बाजूचे झाले ते आजतागायत. माझ्या नवऱ्याशी भांडण झालं तर वडील माझी बाजू घेतील असं मला वाटायचं. ते सासऱ्यांना फोन करतात.

या माणसाने त्रेचाळीस वर्षं बाप्तिस्मा घेतला नाही, ही आमच्या चर्चमधली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात आवडती तक्रार होती.

नवख्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. आमच्या मंडळीत बाप्तिस्मा पाण्यात बुडवून देतात, आणि तो माणसाने मोठं झाल्यावर, समजून उमजून घ्यायचा असतो. चर्चमध्ये व्यासपीठाच्या फळ्यांखाली एक हौद आहे, कमरेएवढा खोल. दर तीन महिन्यांनी एका रविवारी फळ्या उचलायच्या, नळ सोडून हौद भरायचा, पाळक पाण्यात उतरतात, मग एकेक जण पांढरा झगा घालून पायऱ्या उतरतो, पाळक त्याला मागे आडवं करतात, डोक्यावरून पाणी जातं, आणि माणूस ओला, नवा होऊन वर येतो. शेवटचा माणूस बाहेर आला की बाप्तिस्म्याच्या समारोपाचं गीत सुरू होतं. आणि गीत सुरू झालं की शेजारच्या खोलीत बसलेला माणूस एक साखळी ओढतो. साखळी हौदाच्या तळाशी असलेल्या बुचाला बांधलेली. बूच निघालं की पाणी चाललं.

तो साखळीवाला माणूस म्हणजे माझे सासरे. हौदाचे पाइप त्यांनीच टाकलेत, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. त्या कामासाठी ते पंधरा दिवस व्यासपीठाखाली पालथे पडलेले असायचे आणि वर गायकवृंदाचा सराव चालायचा. त्यातला एक आवाज त्यांना इतका आवडला की काम आठ दिवसांचं असूनही त्यांनी पंधरा दिवस लावले, हे त्यांनीच कबूल केलंय. तो आवाज म्हणजे माझी सासू.

सासऱ्यांच्या घरी देवाचं फारसं कुणी काही करत नसे. ते मात्र गाणं ऐकायला येऊ लागले, मग प्रवचन ऐकायला, मग खरोखरच ऐकू लागले. त्या वेळचे पाळक म्हातारे आणि मायाळू होते. "पुढच्या खेपेला बाप्तिस्मा घे," एवढ्या शब्दावर त्यांनी दोघांचं लग्न लावून दिलं. सासूने झगा शिवायला घेतला. आणि झगा पुरा व्हायच्या आत आलेल्या एका खेपेला सासऱ्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने साखळी ओढली आणि बाहेरचा सांधा गळत नाही ना, हे बघायला रस्त्यावर गेले.

रस्त्याच्या कडेला सार्वजनिक नळ होता. उन्हाळा होता. नळ कोरडा होता आणि त्याच्यापुढे भांड्यांची रांग लागली होती. आणि त्या रांगेच्या पायाजवळून, गटारातून, तीन हजार लिटर स्वच्छ पाणी झुळझुळ चाललं होतं. रांगेतल्या एका बाईने त्यांना विचारलं, "हे कुठून येतंय हो? आणि चाललंय कुठे?"

 सासरे घरी येऊन जेवले, भांडं उचलून ठेवलं आणि बायकोला त्या बाईचा प्रश्न सांगून म्हणाले, "मी नाही घेणार. तीन हजार लिटर गटारात घालून मला नवं व्हायचं नाही."

सासूला वाटलं, होतील शांत. नाही झाले. त्यांनी दर रविवारी चर्चला जाणं सोडलं नाही, साखळीही दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही, कारण सांधा त्यांचा होता. पण झगा कपाटात राहिला. एका पाळकांनी सांगितलं, प्रश्न अंतःकरणाचा आहे, पाइपाचा नाही. दुसऱ्यांनी सांगितलं, एवढा हट्ट बरा नव्हे. सासऱ्यांचं म्हणणं साधं होतं, पाइप बदला. पण पाइप बदलायचा ठराव कमिटीत आणावा लागतो, कमिटीत फक्त सभासदांना बोलता येतं, आणि सभासद व्हायला बाप्तिस्मा लागतो. घोडं तिथेच अडायचं. चिटणीसकाका, ज्यांना मंडळीचे सगळे नियम कलमांसकट पाठ आहेत, दर वेळी हात पसरून म्हणायचे, "मी काय करू? नियम आहे."

मी या घरात आले त्याला सोळा वर्षं झाली. चर्चमध्ये अकरा वर्षं ऑर्गन मी वाजवते. माझ्या जागेवरून मला पहिली रांग नीट दिसते, आणि एक गोष्ट मी दर महिन्याला बघत आले. प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचं तबक आणि लहान पेल्यांचं तबक रांगेतून हातोहात जातं. ते फक्त बाप्तिस्मा घेतलेल्यांनी घ्यायचं. सासू तबक घेई, आपलं घेई, आणि सासऱ्यांच्या मांडीवरून हात लांब करून पलीकडे माझ्या नवऱ्याकडे देई. सासरे तेवढ्यापुरते जरा मागे सरकत. कुणाच्या मध्ये येऊ नये म्हणून माणूस बसमध्ये सरकतो तसे. त्या सरकण्याने मला दर वेळी वाईट वाटायचं.  सासू घरी आल्यावर झगा बाहेर काढून उन्हात टाके.

त्या झग्याचं वेगळंच. तो शिवला तेव्हा सासरे काठीसारखे होते. मग त्यांचं पोट वाढलं तसतसा सासूने तो उसवून सैल केला. तीनदा शिवण सोडली, आणि चौथ्या वेळी सोडायला कापडच उरलं नाही तेव्हा दोन्ही बाजूंना जुन्या पडद्याच्या पट्ट्या जोडल्या. पट्ट्यांवर फिकट निळी फुलं आहेत. "पाण्यात कुणाला दिसणारेत," सासू म्हणाली. ज्या माणसाने नाही म्हणून सांगितलंय त्याच्यासाठी चाळीस वर्षं झगा मापात ठेवायचा, याला श्रद्धा म्हणायचं की चिकाटी, ते मला ठरवता येत नाही.

गेल्या वर्षी सासूला सत्तर वर्षं पूर्ण व्हायची होती. काय हवं, असं आम्ही विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला वस्तू नको. माझं वय झालंय. वर गेल्यावरही यांच्या मांडीवरून तबक पलीकडे द्यायची माझी इच्छा नाही."

सासरे पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही, पण पानही उलटलं नाही.

त्याच सुमारास नवे पाळक आले. वय बत्तीस, चेहऱ्यावरून बावीस. पहिल्याच महिन्यात त्यांनी हवापाण्यावर प्रवचन दिलं. तोपर्यंत आमच्याकडे हवापाण्याबद्दल लोक प्रवचनानंतर बोलत. ते म्हणाले, माणसाला बागेत ठेवलं ते बाग राखायला, ओरबाडायला नव्हे. पृथ्वीला ताप चढलाय आणि तो आपणच चढवलाय, म्हणून नुसती प्रार्थना करून उशापाशी बसता येणार नाही, औषधही आपणच द्यायला हवं. दोघे तिघे अस्वस्थपणे खोकले. खोटं मात्र कुणाला म्हणता आलं नाही. माझ्या लग्नाच्या वेळी नळाला दिवसभर पाणी असायचं, आता दिवसाआड तासभर येतं. आणि पाऊस हल्ली येतो तो दार फोडून आल्यासारखा येतो आणि जातो तो कायमचा गेल्यासारखा.

उपासना संपल्यावर सासरे त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"चांगलं बोललात," ते म्हणाले. "आता खाली येऊन तुमच्या हौदाचा पाइप बघता का?"

आधीच्या पाळकांनी आभाळाकडे बघितलं असतं. हे पाळक कोट काढून खरोखर व्यासपीठाखाली शिरले. अर्ध्या तासाने दोघे जळमटांनी माखून बाहेर आले. "काका," पाळक म्हणाले, "पाणी गटारात जायला नको, हे मान्य. मग कुठे जायला हवं, ते तुम्हीच सांगा. तुम्हाला कमिटीत बोलता येत नाही ना? मला येतं."

त्रेचाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. त्या दुपारी सासरे जेवायचं सोडून माझ्या मोठ्या मुलीच्या वहीत आकृत्या काढत बसले.

बेत असा होता. चर्चच्या छपरावर पडणारं पाणी पन्हळीतून मागच्या बाजूला दोन मोठ्या टाक्यांत आणायचं. वाटेत वाळू आणि कोळशाची गाळणी. हौद त्या पाण्याने भरायचा, नळाचं पाणी बंद. आणि बाप्तिस्मा झाल्यावर हौदातलं पाणी उलट दिशेला, चर्चमागच्या पडीक जागेत न्यायचं. त्या जागेत तेव्हा तुटक्या खुर्च्यांशिवाय काही नव्हतं.

कमिटीत चिटणीसकाका म्हणाले, "छपरावर पक्षी बसतात. बाप्तिस्म्याच्या पाण्यात पक्ष्यांची घाण? हे शोभतं का?"

पाळक सासऱ्यांना घेऊनच गेले होते, पाहुणा म्हणून. पाहुण्याला बोलायची परवानगी नव्हती, पण पाणी प्यायला बंदी असल्याचं कलम नव्हतं. सासऱ्यांनी पिशवीतून बाटली काढली. घराच्या छपरावरचं पाणी त्यांनी आठवडाभर आधी तशाच गाळणीतून गाळून उकळून ठेवलं होतं. ते पेल्यात ओतलं, सगळ्यांना दाखवलं आणि घटाघटा प्यायले. मग पेला पालथा घालून शांत बसले.

"वरून येतं ते देवाचं, चिटणीस," एक म्हातारे सभासद म्हणाले. "नळातून येतं ते पालिकेचं."

ठराव झाला. चिटणीसकाका मात्र पुढचे तीन दिवस रोज संध्याकाळी "सहजच" आमच्याकडे चकरा मारत होते. सासरे आजारी पडतात का, ते बघायला. चौथ्या दिवशी सासूने त्यांना दारातच सांगितलं, "ठणठणीत आहेत. आणि तुम्ही मोकळेच असाल तर उद्या फावडं घेऊन या."

ते खरंच आले. काम दोन महिने चाललं. मंडळीतल्या निवृत्त मंडळींना इतकी वर्षं करायला काही नव्हतं, ते सगळे सासऱ्यांच्या हाताखाली चर खणू लागले. एक माजी मुख्याध्यापक, एक दर्जी, एक बँकवाले, आणि चिटणीसकाका. सासरे त्यांना असे हुकूम सोडत की मुख्याध्यापकांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. जुना पाइप फार बारीक होता, पाणी उतरायला पाऊण तास लागायचा, म्हणून सासऱ्यांनी नवा दुप्पट रुंदीचा टाकला. "आता दहा मिनिटांत खलास," ते अभिमानाने म्हणाले. हे वाक्य लक्षात ठेवा. मागच्या जागेत खत घालून वाफे केले आणि सासूने भोपळ्याच्या बिया लावल्या. पावसाने एकदाचं तोंड दाखवलं आणि तीन आठवड्यांत दोन्ही टाक्या तुडुंब भरल्या.

बाप्तिस्म्याच्या रविवारी सहा जण होते. छापील कार्यक्रमपत्रिकेवर पाच नावं होती, कारण सासऱ्यांनी आपलं नाव शुक्रवारी दिलं. सहावं नाव पाळकांनी हाताने लिहिलं. माझ्या ऑर्गनवर ठेवलेल्या प्रतीवर ते लिहायचं राहून गेलं. पण मी दोष कागदावर ढकलणार नाही. सासऱ्यांचं नाव मला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? सकाळी मीच त्यांच्या झग्याला इस्त्री केली होती.

झालं असं, की सासरे झगा घालून नेहमीच्या जागी, शेजारच्या खोलीत साखळीपाशीच बसले होते. आज तरी साखळी दुसऱ्याकडे द्या, असं पाळक म्हणाले होते. "सांधा नवीन आहे," सासरे म्हणाले, आणि विषय संपला.

मला माझ्या जागेवरून हौद दिसत नाही, फक्त वर येणारी ओली डोकी दिसतात. अकरा वर्षं मी ती डोकी मोजत आले आहे. एक, दोन, तीन, चार. पाचवं डोकं वर आलं, कागदावर पाच नावं होती, आणि माझे हात आपोआप समारोपाच्या गीतावर गेले. सगळी मंडळी उभी राहून गाऊ लागली. सगळ्यात मोठा आवाज सासूचा. तिला वाटलं, आज सुनेने यांच्यासाठी गीत आधीच घेतलंय.

आणि शेजारच्या खोलीत, त्रेचाळीस वर्षांच्या सवयीने, सासऱ्यांनी साखळी ओढली.

सगळ्यात आधी पाळकांना कळलं. कमरेएवढं पाणी भराभर उतरू लागलं आणि त्यांच्या पोटऱ्या ओढू लागलं. "अहो, काका," ते म्हणाले, आणि मग जरा मोठ्याने, "काका, तुम्ही राहिलात." सासरे दारात येऊन उभे राहिले. हातात अजून साखळी. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. माझी बोटं ऑर्गनच्या पट्ट्यांवरच थिजली आणि गीत मधेच तुटलं.

बूच परत बसवता येत नाही. हौद पूर्ण रिकामा झाल्याशिवाय ते ठोकून बसवताच येत नाही, हे ते बनवणाऱ्या माणसाहून अधिक कुणाला माहीत असणार. पाळकांनी अंदाजाने भोकावर टाच ठेवली. धार जरा मंदावली, पण पाळकांचा पाय असा ओढला जाऊ लागला की त्यांनी काठ घट्ट धरला.

चिटणीसकाका उठून उभे राहिले. "हरकत नाही," ते म्हणाले, "पुढच्या खेपेला घेऊ. तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

मी सासूकडे बघितलं. ती खाली बसली होती.  "पुढच्या खेपेला" हे शब्द तिने पहिल्यांदा ऐकले तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती.

सासऱ्यांनीही तिच्याकडे बघितलं. मग साखळी चिटणीसकाकांच्या हातात दिली, झगा गुडघ्यापर्यंत वर धरला आणि पायऱ्या उतरले. पाणी तोवर पाळकांच्या गुडघ्याखाली गेलं होतं.

"यात कसं बुडवू, काका?" पाळक म्हणाले.

"मी आयुष्यभर पालथा पडून काम केलंय," सासरे म्हणाले. "आज उताणा पडतो. तुम्ही तुमचं म्हणा."

ते हौदाच्या तळाशी सरळ आडवे झाले. पाळकांनी टाच काढली, गुडघ्यांवर बसले, जे म्हणायचं ते भरभर म्हटलं आणि त्यांच्या छातीवर हात ठेवून दाबलं. मंडळी जागा सोडून काठाभोवती गोळा झाली होती. मीही. आमच्या सगळ्यांच्या साक्षीने सांगते, पोट बुडालं नाही. पडद्याची निळी फुलं दोन्हीकडे तरंगत होती आणि मधे पोट, कोरडं.

"पूर्ण बुडायला हवं," चिटणीसकाका वाकून म्हणाले. "नियम आहे." आणि मग मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं ते त्यांनी केलं. चपला काढल्या, साखळी माझ्या हातात कोंबली, कपड्यांसकट हौदात उतरले आणि दोन्ही हातांनी पाणी सासऱ्यांच्या पोटाकडे लोटू लागले. त्यांच्या मागोमाग मुख्याध्यापक, दर्जी, बँकवाले. चार म्हाताऱ्यांनी चारी बाजूंनी पाणी लोटलं, मधे लाट उठली, पाळकांनी सासऱ्यांना खाली दाबलं, आणि क्षणभर, फक्त क्षणभर, माझे सासरे दिसेनासे झाले.

"झालं," चिटणीसकाका धापा टाकत म्हणाले. "मी पाहिलं. नोंद करतो."

सासरे मात्र उठेनात. डोळे मिटून तसेच पडून राहिले. सासू घाबरून काठाशी आली. "अहो, काय होतंय?"

"गप्प," सासरे म्हणाले. त्यांचा कान बुचाच्या भोकाशी होता. "ऐकतोय. सांधा गळत नाहीये."

मग ते उठले आणि कुणाचा टॉवेल न घेता, ओला झगा फडफडवत मागच्या दाराने बाहेर गेले. आम्ही सगळे त्यांच्यामागे. वाफ्यांच्या तोंडाशी नव्या पाइपातून पाणी भळभळ येत होतं आणि भोपळ्याच्या वेलांमधून वळत, थांबत, जमिनीत जिरत होतं. सासू वाफ्याच्या कडेला उभी राहिली. पाणी तिच्या पावलांवरून गेलं.

"काय हो," ती म्हणाली, "हे कुठून येतंय? आणि चाललंय कुठे?"

तो प्रश्न तिने त्रेचाळीस वर्षं जपून ठेवला होता. सासऱ्यांनी बोटाने आधी छप्पर दाखवलं, मग जमीन.  त्यांना मी रडताना तेव्हाच पाहिलं. ते ओलेच असल्यामुळे इतरांना कळलं नसेल.

बाप्तिस्मा झाला की त्याच उपासनेत प्रभुभोजन होतं. आम्ही आत आलो. चार म्हातारे आणि पाळक गळत्या कपड्यांनी आपापल्या जागी बसले, बाकांखाली डबकी झाली, आणि मी हळू वाजवायला सुरुवात केली. डोळे पहिल्या रांगेवर. तबक सासूकडे आलं. तिने भाकरीचा तुकडा घेतला, आणि डोळे मिटून, ओठांत पुटपुटत, तबक सवयीने सासऱ्यांच्या मांडीवरून पलीकडे धरलं. माझ्या नवऱ्यानेही सवयीने हात पुढे केला. सासरे सवयीने जरा मागे सरकले.

मग ते परत पुढे सरकले.

"अगं," ते हळूच म्हणाले, "माझं?"

सासूने डोळे उघडले. तबक तसंच त्यांच्या मांडीवर धरून ती आधी हसायला लागली, मग तिला हसू आवरेना, मग रडू आवरेना, आणि तबक असं हलू लागलं की सासऱ्यांना ते दोन्ही हातांनी धरावं लागलं. मागच्या रांगा थांबून राहिल्या. माझं गीत संपलं होतं, पण मी ते परत पहिल्यापासून वाजवलं, कारण सासऱ्यांना अजिबात घाई नव्हती.